लोकांनी भरलेल्या साइट्स: हवा कशाची होती, टिकलं काय

लोकांनी मजकूर भरायचा आणि साइटवाल्याने जागा द्यायची, ही पद्धत 'वेब २.०' या नावाने गाजली ती २००४ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेनंतर. नाव नवं, चाल जुनी. युजनेट हे चर्चागटांचं जाळं १९८० चं, वॉर्ड कनिंगहॅमचं पहिलं विकी, म्हणजे कुणालाही बदलता येणारी साइट, १९९५ चं. मायबोली ही मराठी साइट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली, तेव्हा नाशकात इंटरनेट असलेलं घर शोधावं लागलं असतं.

हवा होती ती पैशाची. याहूने १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक मोजून जिओसिटीज ही लोकांच्या फुकट वेबपानांची साइट घेतली आणि २००९ मध्ये तिला टाळं लावलं. मायस्पेस ही ओळखीपाळखीची साइट २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला गेली, २०११ मध्ये तिचे जेमतेम साडेतीन कोटी आले. मधे २००६ मध्ये 'टाइम'ने वर्षाची व्यक्ती म्हणून चक्क 'तुम्ही' निवडून मुखपृष्ठावर आरसा लावला होता. त्याच वर्षी गूगलने १६५ कोटी डॉलरला घेतलेल्या यूट्यूबचे पैसे मात्र वसूल झाले.

आपल्याकडे ही लाट गूगलच्या ऑर्कुट या ओळखीपाळखीच्या साइटवरून आली. नाशिकच्या कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून मराठी स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावरचे निरोप, रोमन अक्षरांत बडवायचे, कारण मशीनवर देवनागरी नीट उमटेल याचा भरवसा नसे. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. लिहिण्याची खोड गेली नाही, ती फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर गेली. जुना मजकूर मात्र साइटबरोबर बुडाला.

विकिपीडियाचं वेगळं. मराठी आवृत्ती १ मे २००३ ची, म्हणजे महाराष्ट्र दिनाची. कुठल्याही गावाच्या लेखावर 'इतिहास पहा' दाबा: कोणी, किती वाजता, किती बाइट वाढवले वा कापले, सगळं ओळीने दिसतं. एखादा गाववाला कौतुकाच्या दोन ओळी जास्तच घालतो, दुसरा येऊन त्या उडवतो. हे उडवणारे बिनपगारी लोक आहेत म्हणून तो प्रकल्प उभा आहे, असं माझं मत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चाललंय ते तरी कशावर? सभासदांच्या वर्गणीवर खरं, पण परत आलेली पुस्तकं कपाटात लावायला रोज कुणीतरी लागतंच. लोकांनी दिलेल्या दुव्यांना मतं द्यायच्या डिग या साइटवर तर गर्दी होती, तरी २०१० च्या नव्या रचनेवर ती चिडून रेडिट या तशाच चर्चेच्या साइटकडे वळली. गर्दीला बांधून ठेवता येत नाही.

आताचा पेच निराळा आहे. रेडिटने २०२४ मध्ये लोकांच्या चर्चा एआयला शिकवण्यासाठी गूगलला पैसे घेऊन दिल्या. स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रोग्रामर एकमेकांच्या अडचणी फुकट सोडवत; २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तिथले नवे प्रश्न झपाट्याने घटले. जुनी उत्तरं वाचून शिकलेल्या यंत्रालाच लोक आता विचारतात, आणि नवी उत्तरं लिहायला तिथे येणारे कमी होत चाललेत.