पब्लिक पॉलिसी आणि ‘एकच वर्ष’

अमेरिकेत शिकायला निघालेल्यांच्या ग्रुपवर एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘पब्लिक पॉलिसी म्हणजे आर्ट्स, तिथं पदवीनंतर एकच वर्ष काम करता येतं, तीन वर्षं फक्त इंजिनिअरांना.’

यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. एफ-१ व्हिसावरच्या (म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या) विद्यार्थ्याला शिक्षणानंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयातलं काम करायची परवानगी, मिळते आणि आणखी २४ महिने फक्त ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीवर. पण पदवी स्टेम आहे का, हे तिचं नाव ठरवत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाला सहा अंकी सीआयपी कोड, म्हणजे विषयांच्या सरकारी वर्गीकरणातला क्रमांक, असतो, तो सरकारी स्टेम यादीत आहे का एवढंच पाहिलं जातं. ‘पब्लिक पॉलिसी अ‍ॅनालिसिस’चा ४४.०५०१ त्या यादीत नाही. मात्र संख्याशास्त्रावर भर देणारे काही कोर्स ४५.०६०३ खाली, म्हणजे इकॉनॉमेट्रिक्समध्ये (अर्थशास्त्राच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणात), नोंदलेले असतात, आणि तो कोड यादीत आहे. म्हणून मास्टर्सचं नाव सारखं असलं तरी दोन विद्यापीठांत उत्तर वेगळं येऊ शकतं.

तपासणं सोपं आहे. प्रवेश स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून कोड लेखी मागा. मग तो ताज्या यादीत स्वतः शोधा. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) हातात आला की त्यावर विषयाच्या नावाशेजारी तोच कोड छापलाय ना, हे बघा.

पुण्यातली बी.ई. इथं कामी येत नाही. पदवी अमेरिकेतलीच लागते. शिवाय वाढीव २४ महिन्यांसाठी नोकरी देणारी संस्था ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्याला कामाची परवानगी आहे का हे तपासणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंदलेली हवी. धोरणक्षेत्रातल्या छोट्या संस्थांना हे मुलाखतीतच विचारलेलं बरं.