साठवलेले मैल आणि मिळवलेला दर्जा: विमानातल्या पुढच्या खुर्चीच्या दोन वेगळ्या वाटा

बडोद्यातल्या ज्या मराठी घरांतली मुले अमेरिकेत, सिंगापुरात किंवा आखाती देशांत स्थायिक झाली आहेत, त्या घरांत प्रवासाची तिकिटे काढण्याची वेळ आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला प्रश्न असा की, आमच्या खात्यात दीड लाख मैल साठले आहेत, मग विमानतळावर आम्हाला बिझनेस क्लासमध्ये का बसवत नाहीत? दुसरा असा की, जावई गोल्ड मेंबर आहे, तेव्हा त्याचे नाव सांगितले तर आम्हाला पुढची सीट मिळेल ना? दोन्ही प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात एकच समजूत असते: विमान कंपनीच्या सभासद योजनेत जे काही जमा होते ते सगळे एकच असते आणि त्याचे फळ म्हणजे अपग्रेड, म्हणजेच काढलेल्या तिकिटापेक्षा वरच्या वर्गातली जागा. वास्तविक तिथे दोन निराळ्या गोष्टी शेजारी शेजारी जमा होत असतात, एक म्हणजे मैल नावाचे खर्चता येणारे गुण आणि दुसरी म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला मिळणारा दर्जा, आणि त्यांच्यापासून मिळणारी अपग्रेडही दोन निराळ्या जातींची असतात.

गायकवाडी दरबाराच्या गोष्टी ज्यांनी आजीआजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हा भेद एका वाक्यात सांगता येतो. थैलीतली नाणी ही एक गोष्ट आणि दरबारातल्या बैठकीचा मान ही दुसरी. नाणी खर्च करता येतात, दुसऱ्याला देता येतात आणि खर्च केली की संपतात. मान खर्च करता येत नाही, तो उसना देता येत नाही, आणि त्यामुळे फक्त आपली जागा इतरांच्या पुढे की मागे एवढेच ठरते. मैल ही नाणी आहेत आणि सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम हे दर्जे म्हणजे मान.

अमेरिकेत १९७८ साली विमानवाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठले, भाड्यांची स्पर्धा सुरू झाली, आणि नेहमीचे प्रवासी हातचे जाऊ नयेत म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये अ‍ॅडव्हांटेज ही योजना काढली. त्याच महिन्यात युनायटेडचीही योजना आली. पुढे या योजनांत दोन स्वतंत्र खतावण्या पडल्या. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्स योजनेत खर्चायचे ते स्कायवर्ड्स मैल आणि दर्जासाठी मोजले जातात ते टियर मैल. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये क्रिसफ्लायर मैल आणि एलिट मैल. ब्रिटिश एअरवेजमध्ये एव्हिऑस आणि टियर पॉइंट. एकाच उड्डाणातून दोन्ही वह्यांत नोंद होते, आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. प्रवासी एक मोठा आकडा पाहतो आणि तोच आपला मान समजतो. क्रिसफ्लायरमध्ये एलिट सिल्व्हर होण्यासाठी बारा महिन्यांत २५,००० आणि एलिट गोल्ड होण्यासाठी ५०,००० एलिट मैल लागतात. त्याच माणसाच्या खर्चायच्या वहीत तीन लाख मैल असले, तरी त्यामुळे तो गोल्ड होत नाही.

हा आकडा फुगण्याचे आपल्याकडचे मुख्य कारण क्रेडिट कार्ड हे आहे. लग्नाचे दागिने, घराचे फर्निचर, मुलाची फी असे सगळे कार्डावर भरले की पॉइंट मिळतात, ते विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात, आणि विमानात पाऊल न ठेवताही माणूस मैलांचा धनी होतो. मात्र असे वळवलेले पॉइंट सहसा खर्चायच्याच वहीत पडतात, दर्जाच्या वहीत नाही. याला ठळक अपवाद अमेरिकन एअरलाइन्सचा आहे. २०२२ पासून तिथे लॉयल्टी पॉइंट नावाचे एकच माप दर्जासाठी लावले जाते आणि कंपनीच्या सहयोगी कार्डावरचा खर्चही त्यात धरला जातो. अर्थात ही कार्डे तिकडची, त्यामुळे बडोद्याच्या अलकापुरीत बसून केलेल्या खर्चाने तो अपवाद आपल्या कामाला येईल असे नाही.

आता मैल खर्चून मिळणाऱ्या अपग्रेडकडे पाहू, कारण आपल्या बहुतेक वाचकांच्या आवाक्यातली वाट हीच आहे. यात प्रवासी आधी साधे तिकीट पैसे देऊन घेतो आणि नंतर ठरावीक मैल मोजून वरच्या वर्गात जागा मागतो. मागितली की मिळतेच असे मात्र नाही, कारण पुढे दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार तिकिटाच्या भाड्याचे. एकाच इकॉनॉमी वर्गात दहाबारा प्रकारची भाडी असतात, प्रत्येकाला एक अक्षर दिलेले असते, आणि सर्वांत स्वस्त भाड्यांवर अपग्रेड चालतच नाही. सिंगापूर एअरलाइन्सच्या इकॉनॉमी लाइट भाड्याचे तिकीट हे त्याचे सरळ उदाहरण. ज्या माणसाने चार हजार रुपये वाचवण्यासाठी लाइट भाडे घेतले, त्याने मैल वापरण्याची वाटही तिथेच बंद केली, हे त्याला बहुधा तिकीट निघाल्यानंतर कळते. दुसरे दार जागेचे. बिझनेस क्लासमध्ये विक्रीसाठी दहा जागा रिकाम्या दिसत असल्या, तरी मैलांवर द्यायच्या जागांचा कोटा कंपनी वेगळा ठेवते. तो शून्य असेल तर तुमचे नाव वेटलिस्टवर जाते. मी स्वतः एकदा मुंबईहून जाताना अशी वेटलिस्ट घेतली होती. आदल्या रात्रीपर्यंत सीटच्या नकाशात पुढच्या सहा खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या, आणि तरीही माझा बोर्डिंग पास स्वच्छतागृहाला लागून असलेल्या शेवटून दुसऱ्या ओळीचाच निघाला. मैल यथावकाश खात्यात परत आले, पाठदुखी मात्र आठवडाभर राहिली.

मैल देऊन वरच्या वर्गात बसलात तरी त्या प्रवासाचे नवे मैल बहुतेक योजनांत मूळ तिकिटाच्या भाड्याप्रमाणेच मोजले जातात. त्यामुळे बिझनेसमध्ये बसून भराभर दर्जा वाढवू, हा हिशेब या वाटेने साधत नाही.

दर्जावरचे अपग्रेड हा प्रकार पूर्णपणे निराळा आहे, आणि त्याचा गवगवा जगभर झाला असला तरी त्याची खरी भूमी अमेरिकेतली देशांतर्गत उड्डाणे ही आहे. तिथे प्रवाशाला काही खर्च करावे लागत नाही. दर्जा असला की नाव आपोआप रांगेत लागते, आणि सुटण्याच्या वेळेपर्यंत पुढच्या जागा विकल्या गेल्या नाहीत तर त्या रांगेतल्या क्रमाने वाटल्या जातात. युनायटेडमध्ये ही वाटणी टप्प्याटप्प्याने होते: १के या वरच्या दर्जाच्या प्रवाशाचा विचार उड्डाणाच्या ९६ तास आधीपासून होतो, प्लॅटिनमचा ७२ तास, गोल्डचा ४८ तास आणि सिल्व्हरचा प्रवासाच्या दिवशी. म्हणजे सिल्व्हरवाल्याची पाळी येईपर्यंत पंगतीतले बरेच ताटावर बसून गेलेले असतात. एकाच दर्जाचे दोन प्रवासी असतील तर कोणाचे भाडे वरच्या अक्षराचे होते, यासारख्या कसोट्या लागतात. शिवाय रांगेत खालून चढणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि पुढच्या जागा फुकट देण्यापेक्षा थोड्या कमी दराने शेवटच्या घडीपर्यंत विकण्याकडे कंपन्यांचा कल झुकला आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या नेहमीच्या प्रवाशांचीही तक्रार असते की, दर्जा वाढला आणि अपग्रेड आटले.

महत्त्वाची गोष्ट अशी की ही मोफत वाटणी भारत–अमेरिका अशा लांब उड्डाणांना लागू नसते. न्यूअर्कहून दिल्लीला येणाऱ्या युनायटेडच्या विमानात १के दर्जाच्या माणसालाही झोपायची खुर्ची आपोआप मिळत नाही. त्यासाठी त्याला वरच्या दर्जाबरोबर वर्षाला मिळणारे प्लसपॉइंट वापरावे लागतात, किंवा मैल आणि वर रोख रक्कम द्यावी लागते. प्लसपॉइंट हे एक मधलेच प्रकरण आहे: ते मिळतात मानामुळे, पण खर्च होतात नाण्यांसारखे. जावयाने फोनवर 'मला कायम अपग्रेड मिळते' असे सांगितले, तर ते शिकागो–न्यूअर्कसारख्या दोन तासांच्या प्रवासाबद्दल आहे की पंधरा तासांच्या, हे आधी विचारून घ्यावे.

आणखी एक गैरसमज इथेच खोडायला हवा, कारण तो सुशिक्षित मंडळींतही पक्का बसलेला आहे. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात दाखल झाली. तिच्या वरच्या दर्जाच्या सभासदाच्या कार्डावर स्टार अलायन्स गोल्ड असे छापलेले असते. ते पाहून लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानातही आपल्याला वर बसवतील अशी आशा धरली जाते. स्टार गोल्डला मिळते ते वेगळे: लाउंज, वेगळा चेक-इन काउंटर, आधी बोर्डिंग, जादा सामान, आणि सामानाच्या पट्ट्यावर बॅग लवकर येणे. अपग्रेड त्या यादीत नाही. मोफत अपग्रेड ही सहसा प्रत्येक कंपनीने आपल्याच योजनेच्या सभासदांसाठी राखलेली मेहेरबानी असते. एका प्रवासाचे मैल एकाच योजनेत जमा होतात, म्हणून त्याच गटातल्या युनायटेडच्या तिकिटावर एअर इंडियाचा सभासद क्रमांक घालणारा स्टार गोल्ड बडोदेकर मैल मिळवतो आणि लाउंजमध्येही बसतो, पण युनायटेडच्या अपग्रेडच्या रांगेत त्याचे नावच नसते. एलिट गोल्डचेही तसेच. अहमदाबादहून सिंगापूरला जाणाऱ्या क्रिसफ्लायर एलिट गोल्ड प्रवाशाला दर्जाच्या जोरावर पुढे बसवण्याचे वचन त्या कंपनीने दिलेलेच नाही. त्याला वर जायचे असेल तर तीच मैलांची वाट.

कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींतला फरक सर्वाधिक इथे जाणवतो. मुलाचे मैल आईवडिलांसाठी वापरता येतात. क्रिसफ्लायरमध्ये त्यासाठी पाच जणांची नावे नोंदवण्याची सोय आहे, आणि इतर बऱ्याच योजनांतही दुसऱ्याच्या नावाने मैल खर्चता येतात. मुलाचा दर्जा मात्र आईवडिलांना लागत नाही. तो स्वतः त्याच विमानात बरोबर असेल तर स्टार गोल्डच्या नात्याने एका पाहुण्याला लाउंजमध्ये नेऊ शकतो, आणि अमेरिकेतल्या काही कंपन्यांत बरोबरच्या एका माणसालाही अपग्रेडच्या रांगेत घेता येते. पण रावपुऱ्यातले काका-काकू दोघेच निघाले असतील तर 'आमचा मुलगा प्लॅटिनम आहे' या वाक्याला काउंटरवर फार तर एक हसू मिळते.

नाणी आणि मान यांचे आयुष्यही वेगळे असते. क्रिसफ्लायरचे मैल तीन वर्षांनी बाद होतात, युनायटेड आणि डेल्टाचे मैल मुदतीने बाद होत नाहीत. दर्जा मात्र सहसा दर वर्षी नव्याने कमवावा लागतो. गेल्या काही वर्षांत भारतातल्या दोन घटनांनी हे चांगले दाखवून दिले. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले. जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीच्या हाती असल्याने त्यातले मैल बुडाले नाहीत. त्याच वर्षी तिचे नाव इंटरमाइल्स झाले आणि मैल इतरत्र वापरता येऊ लागले. प्लॅटिनम दर्जाच्या सभासदाकडे मात्र मान दाखवायला विमानच उरले नाही. याउलट १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्तारा या तिच्या योजनेचे पॉइंट एकास एक या प्रमाणात आले आणि दर्जाही जुळवून दिला गेला, कारण मान ओळखणारा दरबार नावापुरताच बदलला होता.

बडोद्यापुरते बोलायचे तर हरणीच्या विमानतळावरून निघणाऱ्या पहिल्या टप्प्यात हा सगळा विचार पुष्कळदा गैरलागू ठरतो. ज्या विमानात एकच वर्ग आहे, तिथे मैल आणि दर्जा दोन्ही असून वर जायला जागाच नसते. दोन-तीन वर्गांचे विमान असले तरी पुढे जागा मोजक्याच: एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए३२० निओ विमानांत बिझनेसच्या ८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या १३२ खुर्च्या असतात. अहमदाबाद किंवा मुंबईपर्यंत गाडीने जाऊन तिथून थेट लांबचे विमान पकडणाऱ्यांनी अपग्रेडचे मैल त्या लांबच्या टप्प्यासाठीच राखावेत, असे माझे मत आहे. बडोदा–दिल्लीच्या दीड तासांवर ते उधळण्यात काही अर्थ नाही.

इकॉनॉमीची तिकिटे जागांपेक्षा जास्त विकली गेली म्हणून कंपनी आपल्या गरजेपोटी काही जणांना वर बसवते, तो प्रकार या दोन्हींहून निराळा. त्यात निवड कंपनीची असते, बहुधा दर्जावाल्यांना आधी उचलले जाते, आणि आपण मागणी करून काही उपयोग होत नाही. उलट दिशेला मात्र प्रवाशाचा हक्क लिहून ठेवलेला आहे. विमानवाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२३ पासून लागू केलेल्या नियमानुसार, ज्या वर्गाचे तिकीट काढले त्याहून खालच्या वर्गात इच्छेविरुद्ध बसवले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय प्रवासात हे प्रमाण १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के असे आहे.