सोप्रानो

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील स्त्रीकंठाचा सर्वांत उंच प्रकार. त्या आवाजात गाणाऱ्या गायिकेलाही हेच नाव. शब्द इटालियन, अर्थ 'वरचा'. पेटीच्या भाषेत सांगायचे तर मध्य सप्तकातल्या पांढरी एकपासून वर दोन सप्तके, एवढा साधारण पल्ला. मोत्सार्टने 'द मॅजिक फ्लूट' (१७९१) या ऑपेरातील रात्रीच्या राणीला त्याही वरच्या पांढरी चारपर्यंत नेले आहे. ही भूमिका प्रथम गायली ती त्याच्या मेव्हणीने, योझेफा होफरने.

ख्यालगायिका आपल्या गळ्याला मानवेल ती पट्टी घेते. ऑपेरात पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली असते आणि गळ्याने तिथे पोहोचायचे असते, तेही मायक्रोफोनशिवाय, भरल्या वाद्यवृंदाच्या वरून. सोप्रानोची सगळी तालीम आणि बरीचशी कारकीर्द या एका अटीतून निघते. म्हणूनच आवाजाची पोटजात ओळखणे महत्त्वाचे ठरते: चपळ तानांची कोलोरातुरा, मऊ वळणाची लिरिक, भारदस्त ड्रॅमॅटिक. जर्मन नाट्यगृहे या वर्गवारीला 'फाख' म्हणतात आणि भूमिका तिच्यानुसार देतात.

तालमीचा पाया दमसास. श्वास घेतल्यावर बरगड्या लगेच मिटू न देता उच्छ्वास जपून सोडण्याच्या पद्धतीला इटालियनमध्ये 'अपोज्जो' म्हणतात. 'मेस्सा दी व्होचे' या अभ्यासात एकच सूर हळू सुरू करून फुगवायचा आणि परत बारीक करायचा. सूर तसूभरही हलता कामा नये. ऐकायला सोपे, गायला महाकठीण. खालच्या सुरांकडून वरच्या सुरांकडे जाताना आवाज एका घाटातून दुसऱ्यात जातो, तो सांधा बुजवण्यातही वर्षे जातात. वरच्या सुरांवर जबडा मोठा उघडावा लागतो, कारण मुखपोकळीचा अनुनाद त्या सुराशी जुळला तरच आवाज मोठा होतो. पण त्यात अ, इ, उ सारखेच ऐकू येऊ लागतात. सोप्रानोचे शब्द कळत नाहीत या तक्रारीत गायिकेचा निष्काळजीपणा दरवेळी नसतो. याशिवाय इटालियन, जर्मन आणि फ्रेंच उच्चार पक्के हवेतच.

या आवाजाची घडण आणि मोडतोड दोन्ही येनी लिंड (१८२०–१८८७) हिच्या चरित्रात दिसतात. स्टॉकहोमच्या राजेशाही नाट्यगृहाच्या शाळेत ती नऊ वर्षांची असताना दाखल झाली आणि १८३८ मध्ये मुख्य भूमिकेत रंगमंचावर आली. सततच्या प्रयोगांनी तीन वर्षांत गळा बसला. १८४१ मध्ये ती पॅरिसला गायनशिक्षक मान्वेल गार्सियाकडे गेली. त्याने शिकवणी सुरू करण्याआधी सहा आठवडे गाणे बंद ठेवायला लावले. मग सुरुवात पुन्हा अगदी पहिल्यापासून: संथ लयीत आरोह-अवरोह आणि त्याहून संथ कंपनाचा अभ्यास. राजधानीत नाव झालेल्या गायिकेने मुलीसारखे पलटे घोटणे सोपे नसावे. १८४२ मध्ये ती परतली ती 'नॉर्मा' हा ऑपेरा घेऊन, आणि १८४७ मध्ये लंडन तिच्यामागे वेडे झाले. तरी तिशीच्या आतच, १८४९ मध्ये, तिने ऑपेरा सोडला. पुढे अमेरिकेत तिथल्या बार्नम या करमणूक-व्यावसायिकाने भरवलेल्या मैफली गाजल्या. १८८३ मध्ये लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक उघडले, तेव्हा ती तिथे गायन शिकवू लागली. तिच्या गुरूने दरम्यान, १८५४ मध्ये, आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली होती.

त्याच कॉलेजात शिकलेल्या जोन सदरलंडची (१९२६–२०१०) गोष्ट पोटजात ओळखण्याची. स्वतःचा आवाज जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांसारख्या जड संगीतासाठी आहे असे तिला वाटे. पती रिचर्ड बोनिंग यांनी तिला तानांच्या जुन्या इटालियन ऑपेरांकडे वळवले. १९५२ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन या ऑपेरागृहात छोट्या भूमिकेने सुरुवात, आणि खरे यश १९५९ च्या 'लुचिया' या ऑपेरात. मधली सात वर्षे वाया गेली असे म्हणवत नाही. ती १९९० पर्यंत गात राहिली.

मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारियो लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकल्या. त्यांचा आवाज डोळ्यांपुढे ठेवून इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी तीसहून अधिक रचना केल्या. 'मेरी ऑफ इजिप्त' (१९९२) हा ऑपेरा त्यांतलाच. इथे संगीतकारच गळ्याकडे आला. रोझारियो यांनी पुढे रॉयल कॉलेजातही शिकवले आणि पियानोवादक पती मार्क ट्रूप यांच्यासह भारतातील तरुण गायकांसाठी तालीमवर्ग घेतले.