‘बॅरियर मारलाय’ म्हणजे नेमकं काय? बोटीच्या बुडावरच्या जुन्या रंगाची पार्श्वभूमी

मुंबई-गोव्याच्या खाऱ्या पाण्यात पंधरा-वीस वर्षं काढलेली फायबरची शिडाची बोट ट्रेलरवरून घाट चढून पुण्याकडे येते, तेव्हा तिच्या बुडावरचा अँटिफाउलिंग रंग, म्हणजे समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून लावलेला विषारी रंग, एका दिवसात बिनकामाचा होतो. धरणाच्या गोड्या पाण्यात बार्नेकल (बुडाला घट्ट चिकटणारे कवचधारी समुद्री जीव) नाहीत. शेवाळ धरतं, ते ब्रशने निघतं. संगमाजवळच्या रोइंगच्या बोटींना तर हा रंग कधी लागलाच नाही. सराव संपला की त्या रॅकवर जाऊन बसतात. म्हणजे इथे येणाऱ्या बोटीचा जुना रंग उतरवायला हवा. पण विकणारा म्हणतो, ‘काढायची गरजच नाही, बॅरियर मारलाय.’ हे वाक्य कुठून आलं, त्याची ही गोष्ट.

कोकणात लाकडी होड्यांना मुशी माशाचं तेल चोपडायचे, तो वारसा वेगळा. बुडाला विषारी कवच चढवण्याचा युरोपातला मोठा प्रयोग १७६१ सालचा. ब्रिटिश नौदलाच्या ‘अलार्म’ या जहाजाला खालून तांब्याचे पत्रे ठोकले. १७६३ मध्ये ते वेस्ट इंडिजहून परतल्यावर बूड तपासलं, तर लोखंडी खिळे कित्येक ठिकाणी गंजून गेलेले. फक्त जिथे पत्र्यांवरचा वेष्टनाचा ब्राउन पेपर चुकून तसाच राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. या इतिहासातला पहिला ‘बॅरियर’ हाच, आणि तोही निष्काळजीपणाने राहून गेलेला.

पुढे जहाजंच लोखंडाची झाली. तांब्याचा पत्रा मारणं अशक्य झालं आणि विष रंगात कालवावं लागलं : तांब्याचा ऑक्साइड, पारा, आर्सेनिक, जे मिळेल ते. खरी उडी १९७०च्या दशकातली. ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं सेंद्रिय संयुग रंगाच्या राळेलाच रासायनिकरीत्या जोडलं गेलं. पाण्याने वरचा थर झिजत राही आणि खालून ताजं विष उघडं पडे. (तांबट आळीत तांबं आणि कल्हईचं कथील पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलं आहे. हे कथील त्या जातीचं नव्हे.)

फ्रान्सच्या आर्काशों खाडीत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिलावळ जगेनाशी झाली, मोठ्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं लिंग फुटलेलं दिसलं, आणि त्याला एका लिटर पाण्यात या विषाचा एखाद-दुसरा नॅनोग्रॅम पुरत होता. १९८२ मध्ये फ्रान्सने आणि १९८७ मध्ये ब्रिटनने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग लावायला बंदी केली. मोठी जहाजं सुटली. त्यांच्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला २००१चा ऑक्टोबर उजाडला, आणि आजचा सगळा घोळ त्या कराराच्या एका कलमात आहे.

१ जानेवारी २००३ नंतर कथिलाचा रंग नव्याने लावायचा नाही, हे सरळ होतं. १ जानेवारी २००८ नंतर काय, यावर मात्र दोन पर्याय दिले गेले : एकतर तो बुडावर असता कामा नये, किंवा असलाच तर त्यातलं विष पाण्यात जाणार नाही असा थर त्याच्यावर हवा. खरवडा, नाहीतर झाका.

झाकण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. एका मोठ्या जहाजाचं बूड ब्लास्टिंगने साफ केलं की टनावारी विषारी भुकटी निघते. ती जिरवायची सोय नसलेल्या गोदीत हे काम झालं, तर समुद्रात वर्षानुवर्षं हळूहळू गेलं असतं ते आठवडाभरात बंदरातल्या गाळात जाणार. आणि हवा न पोहोचणाऱ्या गाळात हे संयुग वर्षानुवर्षं टिकतं. शिवाय कोरड्या गोदीतला एकेक दिवस महागडा. तरीही ही तडजोड पर्यावरणापेक्षा वेळापत्रकाला जास्त मानवली, असं म्हटल्याशिवाय राहवत नाही. झाकलेला थर नांगराच्या साखळीने, धक्क्याच्या घासण्याने सोलला जातो. आणि खरवडण्याचं काम टळत नाही, ते पुढच्या मालकाच्या गळ्यात पडतं.

मग शब्दाचा गुंता. करारातला अडथळ्याचा थर जुन्या विषारी रंगाच्या वर बसतो. फायबरच्या बोटींच्या धंद्यात मात्र ‘बॅरियर कोट’ म्हणजे इपॉक्सी या राळेचे हात, जे जेलकोटवर (फायबरच्या सगळ्यात बाहेरच्या गुळगुळीत थरावर) आणि अँटिफाउलिंगच्या खाली मारतात. फायबरमध्ये पाणी मुरून फोड येऊ नयेत म्हणून. एक विषाला बाहेर पडू देत नाही, दुसरा पाण्याला आत शिरू देत नाही. ‘बॅरियर मारलाय’ हे दोन्हींसाठी खरं ठरतं. त्यात टाय कोटलाही काही जण बॅरियर म्हणतात. तो तर फक्त दोन न जुळणारे रंग एकमेकांना धरून राहावेत यासाठी असतो. विकणारा खोटं बोलत नसतो, आणि तरी घेणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

काढण्याच्या रीतीही या काळात बदलल्या. पूर्वी सर्रास कोरडं सँडिंग चाले. तांब्याची लाल धूळ रंगाऱ्याच्या छातीत आणि आसपासच्या मातीत जाई. आता वॉटर पेपरने ओलं घासणं, रिमूव्हर लावून पत्रीने सोलणं किंवा धूळ ओढून घेणारं मशीन, असा रिवाज आहे. मिथिलीन क्लोराइडचा जहाल रिमूव्हर घरगुती वापरासाठी विकायला अमेरिकेने २०१९ मध्ये बंदी केली; बंद खोलीत त्याने माणसं मेली होती. पुण्यात गोष्ट आणखी नाजूक आहे. पाणी जितकं मृदू, तितकं तांबं जलचरांना घातक, आणि खडकवासल्याचं पाणी शहर पितं. काठावर बोट उलटी घालून घासणं म्हणूनच वाईट. खाली ताडपत्री अंथरून चोथा गोळा केला, तरी तो महापालिकेच्या घंटागाडीत घालण्याचा माल नव्हे. धोकादायक कचऱ्याची सोय रांजणगावला आहे.

भारताच्या व्यापारी नौकानयन कायद्यात कथिलाच्या रंगाबद्दलचं कलम २०१४च्या दुरुस्तीने आलं. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या देशी बोटीचं बूड संशयातून सुटत नाही. त्यातही प्रमाणपत्र लागतं ते आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ४०० टनांवरच्या जहाजांना. २४ मीटरखालच्या हौशी बोटीजवळ कागदच नसतो. १ जानेवारी २०२३ पासून सायब्युट्रीन हे शेवाळनाशकही बंदीत आलं आणि तिथेही तोच दुहेरी पर्याय ठेवला गेला : काढा किंवा झाका. जून २०२५ मध्ये जहाजतोडणीचा हाँगकाँग करार लागू झाला. त्यात जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी ठेवावी लागते आणि कथिलाचा रंग त्या यादीत आहे. अलंगच्या जहाजतोडणीत गॅस कटर चालतो तेव्हा तो रंगाचे वरचे-खालचे सगळे थर एकदम जाळतो.

लहान बोटीला उरतो तो रंगाऱ्याचा जुना उपाय. बुडावर रुपयाएवढी जागा तिरकी घासायची, की थर लाकडाच्या वलयांसारखे दिसतात : काळा, निळा, लाल, मग करडी इपॉक्सी, मग पांढरा जेलकोट. इपॉक्सी अशी सगळ्या रंगांच्या खाली, जेलकोटला लागून दिसली तर ‘बॅरियर’ खरा, पण विष झाकायच्या कामाचा नव्हे. कथील मात्र रंगावरून ओळखू येत नाही. स्वीडनमध्ये हौशी बोटींची बुडं हातातल्या क्ष-किरण यंत्राने तपासली, तेव्हा बंदीनंतर कित्येक वर्षांनीही जुन्या थरांत कथील सापडलं. त्याच तत्त्वावर चालणारी यंत्रं लक्ष्मी रोडवर सोन्याचं कॅरेट सांगतात.