मोरीच्या पाण्यावरचं अळू

कोकणातल्या जुन्या घरांच्या मागच्या दारी गेलात तर एक मांडणी हमखास दिसते. न्हाणीघराचं पाणी बाहेर पडतं तिथे अळू, त्याला लागून कर्दळ, जरा उंचवट्यावर केळी. तुळस मात्र पुढच्या अंगणात, वृंदावनात उंच बसवलेली. मोगरा आणि अबोली यांना तर त्या चिखलाच्या वाऱ्यालाही कुणी उभं करत नाही.

मी एकदा हा क्रम मोडला होता. पाणी आयतंच मिळेल म्हणून मोगऱ्याचं रोप मोरीजवळ लावलं. आठ-दहा दिवसांत त्यानं मान टाकली. पानं मलूल झालेली पाहून मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी आणखी बादलीभर ओतलं. रोप मेलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून बुळबुळीत झालेली, आणि मातीला सडक्या अंड्याचा वास. पायाशी एवढं पाणी असताना झाड तहानेनं मेल्यासारखं का दिसावं?

कारण ते गुदमरलेलं असतं. चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. त्यातल्या काही पाण्यानं, काही हवेनं भरलेल्या असतात आणि मुळं त्या हवेतला ऑक्सिजन घेऊन श्वसन करतात. सगळ्याच पोकळ्या पाण्यानं भरल्या की हा पुरवठा तुटतो. पाण्यात ऑक्सिजन मुळात थोडा विरघळतो, आणि हवेत तो जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यातून सरकतो. जो काही शिल्लक असतो तो मुळं आणि जिवाणू मिळून एखाद-दोन दिवसांत संपवतात. मग मुळाला ऑक्सिजनशिवाय गुजराण करावी लागते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एरवी ऊर्जेची तीसएक नाणी, म्हणजे एटीपीचे रेणू, हाती येतात. ऑक्सिजनविना फक्त 2. एवढ्या तुटपुंज्या कमाईवर पेशी आम्लधर्मी होऊ लागतात, त्यांच्या पडद्यांतली पाणी आत घेणारी दारं बंद होतात आणि वरची पानं कोमेजतात. बागेतलं झाड कोमेजलं की आपला हात आधी पाण्याकडे जातो. कुंड्यांतली कितीतरी रोपं अशी मायेपोटीच मरतात.

इकडे मातीतही उलथापालथ सुरू असते. ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटवर चालतात, म्हणजे झाडाचं खतच हवेत उडून जातं. त्यानंतर मँगनीज आणि लोह यांची पाळी येते. ती विद्राव्य होऊन मुळांना विषासारखी बाधतात. त्यानंतर सल्फेट, आणि त्यातून निघतो हायड्रोजन सल्फाइड. मला आलेला तो सडका वास याचाच.

मग अळू तिथे माजतं कसं? त्यानं हवेची सोय स्वतःच केलेली असते. अळवाचा देठ आडवा कापून उजेडात धरा. आत स्पंजासारखी जाळी दिसेल. या पोकळ्यांच्या ऊतीला वायूतक म्हणतात. पानांकडची हवा तिच्यातून खाली मुळांपर्यंत पोचते. भाताचंही तसंच. खाचरातलं रोप उपटलं तर मुळांवर गंजाच्या रंगाचं कवच दिसतं: मुळातून बाहेर झिरपलेल्या ऑक्सिजननं आसपासचं विषारी लोह तिथल्या तिथे गंजवून टाकलेलं असतं. (ही नळी दुतर्फा चालते बरं का. भातशेतीतला मिथेनही मुख्यतः याच वाटेनं वर येतो.)

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथिलीनची आहे. केळ्यांची अढी घालतो तेव्हा ती पिकवणारा वायू तोच. मुळं तो सदैव थोडाथोडा सोडत असतात. कोरड्या मातीत तो उडून जातो, पाण्यानं भरलेल्या मातीत मुळाभोवतीच कोंडतो. त्याचं प्रमाण वाढलं की मुळाला समजतं, आपण बुडालो आहोत. मग मुळाच्या सालीतल्या काही पेशी ठरवून मरतात आणि त्यांच्या रिकाम्या जागा हवेची नळी होतात. मक्यासारखी कोरडवाहू पिकंही ही धडपड थोडीफार करतात. पण भाताच्या मुळांत नळ्या आधीपासूनच तयार असतात, बुडाल्यावर फक्त वाढतात.

म्हणून ओलीच्या जागेसाठी झाड निवडताना ‘याला पाणी किती लागतं’ हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते हे, की याच्या मुळांना हवा कुठून मिळणार. केळ हे चांगलं उदाहरण. तिला पाणी भरपूर लागतं, पण ते वाहतं, मुरतं हवं. साचलेल्या डबक्यात तिचा कंद कुजतो. म्हणून ती उंचवट्यावर. हळद आणि आलंही त्याच पंक्तीतलं. याउलट वेखंड थेट चिखलात बसतं. त्याचा जमिनीतला कंद ऑक्सिजनविना आठवडेच्या आठवडे तग धरतो. नीरब्राह्मी पाण्याच्या काठाशी पसरून छान हिरवी चटई करते. कर्दळ तर नुसती तगत नाही, पाणीही सुधारते: नागपूरच्या नीरी संस्थेनं सांडपाणी शुद्ध करण्यासाठी ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली आहे, तिच्यात पाणकणसाच्या जोडीला कर्दळही लावतात. मुळांभोवती राहणारे जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात, कर्दळ त्यांना घर आणि थोडा ऑक्सिजन देते. केवडाही ओलीत रमतो. पण त्याचा पसारा आणि काटे पाहता छोट्या बागेत तो आणू नये असं माझं मत.

सोनटक्का मात्र जरूर लावा. अर्धी सावली, कायम ओल, भरपूर शेणखत, एवढ्यावर तो पावसाळ्यात फुलतो आणि संध्याकाळी सगळं परसदार घमघमतं. तो वास आपल्यासाठी नसून रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो. क्यूबाचं हे राष्ट्रीय फूल आहे. हवाई बेटांवर मात्र ते ओढ्यांच्या काठानं बेसुमार पसरून डोकेदुखी झालं आहे, तेव्हा उपटलेले कंद वहाळात फेकू नका.

झाडं आणण्याआधी जागेची परीक्षा करावी. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, ते मुरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी काही तासांत गेलं तर केळ, हळद, सोनटक्का. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर अळू, कर्दळ, वेखंड. खणताना निळसर करड्या मातीत तांबूस ठिपके दिसले तर ती जागा वर्षातला बराच काळ बुडालेली असते. जांभ्यावरची जागा इथे फसवते: श्रावणात दलदल, आणि एप्रिलमध्ये भेगाळलेली. तिथे बारमाही ओल फक्त मोरीपाशी. देशावरच्या काळ्या मातीत उलटं. पाणी फुगलेल्या मातीत अडकून राहतं, आणि साबणातलं सोडियम ती आणखी घट्ट करतं. तिथे कपड्यांचं पाणी सोडू नये. खायच्या अळवाला फिनेलचं पाणी तर कुठेच नको.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर तळाला भोक नसलेली कुंडी घ्या. एरवी माळी जिला नावं ठेवेल ती अळवाला आणि नीरब्राह्मीला चालते. माती नुसती चिखल राहू द्या, वर पाणी उभं राहू देऊ नका. डासांची अळी आठवड्याभरात पंख फुटून उडते.

अळू रुजलं की एखाद्या दमट पहाटे त्याच्याकडे जा. पानावरचं पाणी पाऱ्यासारखं घरंगळतं, ते आपल्याला म्हणीपासून माहीत आहे; त्याला कारण पानावरचा मेणाचा सूक्ष्म खडबडीतपणा. आता पानाच्या टोकाकडे पाहा. तिथे एक थेंब लोंबत असेल, तो गळेल, आणि थोड्या वेळात दुसरा येईल. हे दव नव्हे. रात्री बाष्पीभवन मंदावलं तरी मुळं क्षार आत ओढत राहतात, त्यांच्यामागून पाणी येतं आणि दाबानं टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतं. क्षार ओढायला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन. माझ्या मोगऱ्याची मुळं ज्या चिखलात काळी पडली, त्याच चिखलात बसून अळू रोज पहाटे हे जादा पाणी टपटप खाली टाकत असतं.