मॅनरमधले दोन दिवस: जोडप्यांसाठी माहितीपत्रक

इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या मॅनर हाउसमध्ये, म्हणजे वतनदाराच्या घराचं हॉटेल झालेल्या जागी, शुक्रवार ते रविवार राहायला जाणाऱ्या जोडप्यांसाठी हे पत्रक आहे. आमच्याकडे येणाऱ्यांत दोन तऱ्हा जास्त दिसतात. काही जण लग्नाच्या वाढदिवसासाठी मुद्दाम ठरवून येतात. काही आई-वडील मुलाकडे लंडनला किंवा स्लाउला महिना-दोन महिने राहायला आलेले असतात आणि मुलगा-सून म्हणतात, “दोन दिवस तुम्ही दोघंच कुठेतरी जाऊन या.” राहण्याची, जेवणाची आणि जाण्या-येण्याची जुळणी आम्ही करून देतो. हॉटेल आमचं नाही, आणि व्हिसाचं कामही आम्ही करत नाही.

आधी एक विनंती. मॅनरला रात्रीच्या मुक्कामाची जागा समजू नका. बघायला जायचं ते तेच घर आणि तीच बाग. सुरुवातीच्या काळात आमच्याकडून यात चूक झाली. नाशिकचे एक काका-काकू होते, चाळिसावा वाढदिवस होता लग्नाचा. पैसे पुरेपूर वसूल व्हावेत म्हणून आम्ही त्यांचा शनिवार सकाळी नऊ ते रात्री आठ भरून टाकला: वाफेची आगगाडी, एक जुनं घर, ब्रायटनचा समुद्र. परत आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, “बाग खिडकीतून दिसत होती, पण पाय ठेवायला वेळ झाला नाही.” ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून शनिवारी एकापेक्षा जास्त ठिकाण आम्ही आखून देत नाही, कुणी आग्रह धरला तरी.

आम्ही बहुतेक जोडप्यांना ज्याबद्दल सांगतो ते घर म्हणजे वेस्ट ससेक्समधलं ग्रेव्हटाय मॅनर. लंडनच्या दक्षिणेला, ईस्ट ग्रिन्स्टेड गावाजवळ. १५९८ साली रिचर्ड इनफील्ड याने आपली वधू कॅथरीन कॉम्प्टन हिच्यासाठी ते बांधलं. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळायच्या दोन वर्षं आधी, आणि शिवाजी महाराजांच्या जन्माच्या बत्तीस वर्षं आधी. बागेकडून आत येणाऱ्या दारावर दगडात दोघांच्या नावांची आद्याक्षरं कोरलेली आहेत, आर आणि के. आत गेल्यावर पहिल्यांदा तिथं जाऊन उभे राहा. दगड वाऱ्यापावसाने मऊ झालाय, पण अक्षरं वाचता येतात. एका शयनगृहात शेकोटीच्या वरच्या ओक लाकडावर त्या दोघांचे चेहरेही कोरलेले आहेत. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेलं घर सव्वाचारशे वर्षांनंतरही जोडप्यांना राहायला देतात, म्हणून या घराबद्दल आम्हाला फार वाटतं.

मॅनर हा शब्द मुळात घराचा नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मॅनर म्हणजे वतन: मालकाची शेती, कुळांची शेती, कुरण, आणि गावातले तंटे सोडवणारा मालकाचा दरबार. १०८६ सालच्या डूम्सडे नोंदवहीत अशी हजारो वतनं उतरवून घेतली आहेत. त्या वतनदाराच्या घराला मॅनर हाउस म्हणू लागले. आपल्याकडे देशमुखी आणि देशमुखांचा वाडा यांचं जे नातं, साधारण तसंच. आपल्या वाड्यांचं झालं तेच त्यांचंही झालं. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं आणि शेतीचं उत्पन्न घसरलं. १८९४ पासून मालक वारला की इस्टेटीवर कर बसू लागला. पहिल्या महायुद्धानंतर एवढ्या मोठ्या घराला लागणारी माणसं मिळेनात. शेकडो घरं पाडली गेली. उरलेल्यांपैकी काहींच्या शाळा झाल्या, काही नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं जपणाऱ्या संस्थेने सांभाळली, काहींची हॉटेलं झाली. उत्तर इंग्लंडमधल्या उल्सवॉटर तलावाकाठी १९४८ मध्ये सुरू झालेलं शॅरो बे हे या प्रकारच्या हॉटेलांतलं पहिलं मानतात. ग्रेव्हटायचं हॉटेल १९५८ मध्ये झालं.

बाग का थांबून बघावी

१८८४ च्या सुमारास हे घर विल्यम रॉबिन्सन नावाच्या आयरिश माणसाने घेतलं. साधा माळी म्हणून सुरुवात केलेला हा माणूस बागांवर लिहून लिहून नावारूपाला आला होता. त्या काळच्या श्रीमंत बागा म्हणजे काचघरात वाढवलेली रोपं उन्हाळ्यात रांगोळीसारखी आखून लावायची आणि हंगाम संपला की उपटून टाकायची. रॉबिन्सनला हे अजिबात पटत नव्हतं. त्याचं म्हणणं असं, की जे झाड या मातीत, या थंडीत आपणहून तग धरेल ते लावा आणि त्याला त्याच्या मनाप्रमाणे पसरू द्या. ग्रेव्हटायला त्याने ते करून दाखवलं. १८९७ साली एका तळ्याच्या काठाने त्याने लाखभर नार्सिससचे, म्हणजे डॅफोडिलच्या जातीच्या फुलांचे, कंद लावले. उतारवयात अपंगत्व आल्यावर तो चाकाच्या खुर्चीतून बागेत फिरे. १९३५ मध्ये वारेपर्यंत तो तिथंच राहिला.

त्यामुळे ही बाग पहिल्या नजरेला थोडी बेशिस्त वाटेल. फुलझाडं वाटेवर झुकलेली, गवत मुद्दाम वाढू दिलेलं. घाई केली तर “छान आहे” एवढंच म्हणून माणूस पुढे जातो. संध्याकाळी पाच-सहाला, बाकी लोक कपडे बदलायला गेलेले असताना, एकाच बाकावर अर्धा तास बसा. आधी फक्त रंग दिसतात. मग कळतं की उंच रोपं मागे आणि बुटकी पुढे असा नेहमीचा नियम इथं पाळलेला नाही. मधेच एखादं उंच, विरळ रोप अगदी पुढे असतं आणि त्याच्या काड्यांमधून मागचा सगळा वाफा गाळणीतून दिसावा तसा दिसतो.

घराच्या वरच्या अंगाला लंबवर्तुळाकार दगडी भिंतीच्या आत भाजीमळा आहे. तोही रॉबिन्सननेच बांधला. सरळ भिंतींच्या मळ्यात कोपरे थंड राहतात, या गोल भिंतीला ऊन दिवसभर कुठे ना कुठे लागत राहतं. रात्री ताटात येणारी बरीच भाजी याच मळ्यातली असते. आमच्या सातारच्या एका काकांनी दुपारी तिथं बीटचे वाफे बघितले आणि जेवताना बीट आल्यावर वाढणाऱ्या मुलीला विचारलं, “हे त्या डावीकडच्या वाफ्यातलं का?” ती आत जाऊन खरंच विचारून आली.

कधी जावं? एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत आसपासच्या रानात ब्लूबेलची निळी फुलं जमीन झाकून टाकतात. ते आमचं आवडतं. जूनच्या शेवटी सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, जेवण झाल्यावरही बागेत फिरता येतं. डिसेंबरात मात्र चारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा शेकोटीपाशी बसण्याची हौस असेल तरच जा, बागेसाठी नको.

पोचायचं कसं

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ईस्ट ग्रिन्स्टेडला थेट गाडी आहे, सुमारे तासाभराचा प्रवास. दोघंही सोळा वर्षांच्या वरचे असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढता येतं. त्यावर दोघांची नावं आणि फोटो असतात आणि दोघांनी बरोबर प्रवास केला तर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, हे शुक्रवारी निघताना लक्षात ठेवा. स्टेशनवर उतरून रिक्षासारखी टॅक्सी मिळेल असं धरून चालू नका. खेड्यात टॅक्सी आधी सांगून ठेवावी लागते. दोन्ही वेळची आम्ही सांगून ठेवतो. रविवारी रुळांच्या कामामुळे कधीकधी गाडीऐवजी बस सोडतात, म्हणून परतीची वेळ आम्ही आदल्या आठवड्यात पुन्हा तपासून कळवतो.

अशा हॉटेलांत खोली बहुधा दुपारी तीनला मिळते आणि अकराला सोडायची असते. तीनलाच पोचा. संध्याकाळी सातला पोचलं की पहिल्या दिवसाची बाग गेलीच.

खोलीतल्या काही गोष्टी

बाथरूमला आपल्यासारखी मोरी नसते. जमिनीत पाणी जायला वाटच नाही, त्यामुळे टबाच्या किंवा शॉवरच्या बाहेर सांडलेलं पाणी लाकडातून खालच्या मजल्याच्या छतात उतरतं. बादली-तांब्याने अंघोळ करायची सवय असेल तर टबात बसूनच करा. हे सांगताना आम्हाला संकोच वाटायचा, पण न सांगितल्याने पाहुण्यांनाच ओशाळं व्हावं लागतं. कमोडजवळ पाण्याचा फवारा नसतो. प्रवासात वापरायची पिळता येणारी प्लास्टिकची बाटली घरूनच न्या.

प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, आपला चालत नाही. विजेचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे चार्जर तेच चालतात, फक्त अडॅप्टर हवा. जुन्या घरांत जिने अरुंद असतात, दारं बुटकी असतात, आणि लिफ्ट असेलच असं नाही. गुडघे दुखत असतील तर खोली ठरवताना सांगा, नंतर नको. खालच्या मजल्यावरची किंवा कमी पायऱ्यांची खोली मागता येते.

रात्रीच्या जेवणाला नेटके कपडे घालून जावं. सूट लागतोच असं नाही. काकूंनी साडी नेसावी, जरूर नेसावी. त्या ओकच्या तक्तपोशीच्या भिंतींपुढे पैठणी किती सुंदर दिसते हे आम्ही पाहिलंय. वर शाल मात्र हवी, मे महिन्यातही संध्याकाळी गारवा असतो.

जेवण

शाकाहारी मंडळींनी इकडे लक्ष द्यावं. इंग्लंडमध्ये ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की अंडं चालतं असंच समजतात. अंडं नको असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. पुडिंगमध्ये प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असू शकतं, सूप मांसाच्या रश्शावर केलेलं असू शकतं, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. न्याहारीतलं ‘ब्लॅक पुडिंग’ गोड नसतं, ते डुकराच्या रक्ताचं करतात. हे सगळं आम्ही हॉटेलला आठवडाभर आधी लेखी कळवतो. म्हणून तुम्ही आम्हाला दहा दिवस आधी सांगा: अंडं, मासे, कांदा-लसूण, काय चालतं आणि काय नाही. चतुर्थी किंवा एकादशी त्या दोन दिवसांत येत असेल तर तेही. साबुदाणा तिथं मिळणार नाही, पण फळं, भाजलेला बटाटा, दही, सुकामेवा यांची सोय आधी सांगितलं तर होते. ऐन टेबलावर बसून सांगितलं तर स्वयंपाकघराची धावपळ होते आणि तुमच्या ताटात उकडलेली भाजी येते.

बिलात सेवा शुल्क धरलेलं आहे का ते बघा. धरलेलं असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही.

शनिवार

न्याहारीनंतर पायी निघा. इंग्लंडमध्ये खासगी शेतातून जाणाऱ्या ठरावीक पायवाटांवरून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडेस्वारांनाही खुली असलेली. फाटक उघडून गेलात तर मागे लावून घ्या, मेंढ्या बाहेर पडतात. पाऊस रात्री पडून गेला असेल तर वाट चिखलाची असते. गमबूट मिळतात का ते हॉटेलात विचारा, आपले चपला-सँडल तिथं कामाचे नाहीत. जवळच वेस्ट होथली हे छोटं गाव आहे. तिथं प्रीस्ट हाउस नावाचं पंधराव्या शतकातलं लाकडी सांगाड्याचं घर आता संग्रहालय म्हणून जपलंय.

दुपारसाठी एकच काहीतरी निवडा. वाफेच्या इंजिनाची आवड असेल तर ब्लूबेल रेल्वे. १९६० पासून हौशी लोक ती चालवतात, आणि २०१३ पासून ती थेट ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत येते. रोज धावत नाही, दिवस आम्ही बघून देतो. घराच्या सजावटीत, कापडांत, नक्षीत रस असेल तर स्टँडन. फिलिप वेब या वास्तुकाराने १८९० च्या दशकात बांधलेलं ते घर विल्यम मॉरिस या नक्षीकाराच्या वॉलपेपरांनी नटलेलं आहे. शेतीवाल्या घरातले असाल तर वेकहर्स्ट. तिथं लंडनच्या क्यू या प्रसिद्ध वनस्पतिबागेची बियाण्यांची बँक आहे, जगभरच्या रानटी वनस्पतींचं बी उणे वीस अंशांत साठवलेलं. काचेतून आतलं काम बघता येतं. यातलं काहीच नको वाटलं तर बागेतच बसा, तेही आम्हाला तितकंच आवडेल.

रविवार

न्याहारी उशिरा करा. अकराला खोली सोडली तरी सामान स्वागतकक्षात ठेवून घ्या म्हणून सांगता येतं. तेवढ्या वेळात भाजीमळ्यात एक चक्कर मारा, तळ्यापर्यंत उतरून या. टॅक्सी आम्ही दोनची सांगतो.