पार्श्वभूमी : पेन्यारोलचं वय नेमकं किती?

उरुग्वेच्या राजधानीत, मॉन्टेव्हिडिओत, पेन्यारोल आणि नासिओनाल हे दोन फुटबॉल क्लब समोरासमोर आले की भांडण फक्त चेंडूवरून होत नाही, एका शब्दावरूनही होतं. शब्द आहे ‘देकानो’. मेडिकल कॉलेजातल्या आपल्या ‘डीन’चा हा सख्खा स्पॅनिश भाऊ. मंडळींतला सर्वांत जुना, म्हणून मानाचा, तो देकानो. दोन्ही क्लबांचे चाहते हे बिरुद आपल्याच क्लबाला लावतात आणि दुसऱ्याला खोटं ठरवतात.

नासिओनालच्या जन्मतारखेबद्दल कुणाची तक्रार नाही : १४ मे १८९९. पेन्यारोलच्या मात्र दोन तारखा सांगतात. क्लब स्वतः २८ सप्टेंबर १८९१ धरतो. विरोधक म्हणतात, १३ डिसेंबर १९१३. पहिली खरी असेल तर पेन्यारोल आठ वर्षांनी थोरला, दुसरी खरी असेल तर चौदा वर्षांनी धाकटा.

१८९१ साली जन्माला आलेल्या संस्थेचं नाव पेन्यारोल नव्हतंच. ते होतं ‘सेंट्रल उरुग्वे रेल्वे क्रिकेट क्लब’. ब्रिटिश भांडवलावर चालणाऱ्या रेल्वे कंपनीच्या नोकरांनी तो काढला. सुरुवातीचे सभासद ११८ : ७२ ब्रिटिश, ४५ उरुग्वेचे आणि एक जर्मन. (त्या एकट्या जर्मनाला क्रिकेट कुणी समजावून सांगितलं असेल, हा माझा जुना प्रश्न आहे.) वर्षभरात बॅट मागे पडली आणि फुटबॉल पुढे आला. कंपनीचे कारखाने शहराबाहेर पेन्यारोल नावाच्या वस्तीत होते. हे नावही मूळचं तिथलं नाही. इटलीतल्या पिनेरोलो गावाहून आलेल्या एका शेतकऱ्यामुळे ते वस्तीला चिकटलं आणि स्पॅनिश जिभेवर पिनेरोलोचं पेन्यारोल झालं. लांबलचक इंग्रजी नाव उच्चारण्यापेक्षा लोकांनी क्लबलाही वस्तीच्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली. पिवळा-काळा रंग रेल्वेचा, आणि ‘कार्बोनेरो’, म्हणजे कोळसेवाले, हे टोपणनावही रेल्वेचंच.

या क्रिकेट क्लबानं १९००, १९०१, १९०५, १९०७ आणि १९११ अशा पाच वेळा लीग जिंकली. पण जसजसे प्रेक्षक वाढले तसतसा कंपनीच्या साहेबांचा उत्साह ओसरला. सामन्यांपायी कामाचे तास बुडायचे आणि चाहत्यांना नेणाऱ्या गाड्यांची मोडतोड व्हायची. साहेबांच्या लेखी फुटबॉल हा कामगारांच्या करमणुकीपुरता होता, आणि ही करमणूक आता हाताबाहेर गेली होती. १९१३च्या मध्यावर फुटबॉल विभाग वेगळा करण्याचा प्रस्ताव आला तो फेटाळला गेला. वर्ष संपता संपता मात्र वाटणी झालीच. १३ डिसेंबरला फुटबॉलवाल्यांनी जुन्या नावापुढे ‘पेन्यारोल’ जोडलं आणि १२ मार्च १९१४ रोजी ‘क्लब अतलेतिको पेन्यारोल’ हे नाव सरकारी कागदावर चढलं.

आता याला म्हणायचं काय? आपल्या तलाठी कार्यालयाच्या भाषेत विचारायचं तर हा नुसता नावाचा फेरफार होता, की नवं खातं उघडलं गेलं?

नासिओनालवाल्यांचं म्हणणं वाटतं तेवढं पोकळ नाही. फेरफार असता तर जुनं नाव उताऱ्यावरून गेलं असतं. पण रेल्वेचा क्रिकेट क्लब १९१३ नंतरही जिवंत होता. कंपनीच्या माणसांचा म्हणून तो खेळत राहिला, १९१५ साली विसर्जित झाला, आणि त्याचे चषक पेन्यारोलकडे न जाता मॉन्टेव्हिडिओतल्या ब्रिटिश इस्पितळाला दिले गेले. बाप हयात असताना मुलगा स्वतःला बाप कसा म्हणवेल, आणि बापानं दागिने तिऱ्हाइताला दिले असतील तर वारसा कसला?

पेन्यारोलवाले चषकांचा विषय आला की जरा घाईनं पुढे जातात. पुढे जे सांगतात ते मात्र वजनदार आहे. १९१४च्या लीगमध्ये पेन्यारोल उतरला तो खालच्या श्रेणीतून चढत आला नव्हता. रेल्वे क्लबच्याच जागेवर तो उभा राहिला. खेळाडू तेच, रंग तेच, मैदान तेच. त्या मोसमात कुणी ‘हा नवा क्लब कुठून आला’ असं म्हटलं असतं तर पेन्यारोलला खालच्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली असती. फुटबॉल संघटना ते पाच किताब आजही पेन्यारोलच्याच खात्यावर मांडते. चषक कुठल्या कपाटात गेले यापेक्षा लीगमधली खुर्ची कुणाला मिळाली, हे मला जास्त बोलकं वाटतं. कंपनीनं नाव आणि चांदी ठेवून घेतली, संघ आणि गर्दी सोडून दिली.

याच काळात एक नामवंत खेळाडू पेन्यारोल सोडून नासिओनालकडे गेला. ‘इथं राहून काय शेण खायचं?’ अशा अर्थाचं काहीसं तो इटालियन वळणानं बोलला, अशी कथा आहे. त्यातल्या ‘मांजारे’चं, म्हणजे खाण्याचं, ‘मान्या’ झालं. नासिओनालवाले शिवी म्हणून ते फेकायचे. पेन्यारोलवाल्यांनी तेच उचलून छातीवर लावलं, आणि आज ते स्वतःला अभिमानानं मान्या म्हणतात.

वडीलकीचा वाद मिटला नाही तरी पुढे क्लबाला सांगण्यासारखं पुष्कळ मिळालं. १९५०च्या विश्वचषकात ब्राझीलला रिओच्या माराकाना स्टेडियमवर रडवणारे दोन्ही गोल पेन्यारोलच्या खेळाडूंचे. १९६० साली दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा चषक, कोपा लिबर्तादोरेस, सुरू झाला, तो पहिल्या दोन्ही वर्षी त्यांचाच. १९६६ची निर्णायक लढत चिलीतल्या सांतियागोत अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी झाली. मध्यंतराला ०-२ अशी पिछाडी, शेवटी जादा वेळेत ४-२ असा विजय. हातची आघाडी घालवलेल्या रिव्हरला ‘कोंबड्या’ हे नाव तेव्हापासून चिकटलं. १९८२ला चौथा किताब आला. १९८७ला पुन्हा सांतियागो, समोर कोलंबियाचा अमेरिका दे काली. बरोबरी झाली तरी चषक कालीलाच मिळणार होता. जादा वेळेचं शेवटचं मिनिट चालू असताना पेन्यारोलनं गोल केला. हा पाचवा, आणि आजवरचा शेवटचा.

त्यानंतर खंडावरचं वैभव आटलं तशी घरातली चुरस वेगळ्या वाटेनं गेली. एप्रिल २०११मध्ये पेन्यारोलच्या चाहत्यांनी ३०९ मीटर लांबीचा झेंडा स्टेडियमच्या सज्ज्यांवर उलगडला. दोन वर्षांनी नासिओनालवाल्यांनी ६०० मीटरचा आणला. २०१६ साली पेन्यारोलनं शहराच्या कडेला स्वतःचं स्टेडियम उभारलं. २०२४मध्ये ब्राझीलच्या फ्लामेंगोला घरी पाठवून संघ लिबर्तादोरेसच्या उपांत्य फेरीत पोहोचला, तिथं रिओत ब्राझीलच्याच बोताफोगोनं ५-० असं झोडपलं, आणि घरच्या ३-१ विजयानं ते भरून निघालं नाही.

देकानोच्या भांडणात एक तिसरा गडी दोन्ही बाजूंना नकोसा असतो. इंग्रजी शाळेतल्या पोरांनी काढलेला आल्बियन क्लब १ जून १८९१चा, म्हणजे पेन्यारोलच्या स्वतःच्या दाव्याहूनही जवळजवळ चार महिन्यांनी जुना. मधली कितीतरी वर्षं तो निपचित होता, तेव्हा त्याला धरायचं कारण नाही, असं पेन्यारोलवाले सांगत आले. सलग जिवंत असणं महत्त्वाचं, नुसती जन्मतारीख नव्हे, हा युक्तिवाद तेव्हा त्यांना सोयीचा होता, आणि १९१३च्या बाबतीत नासिओनालवाले नेमका तोच त्यांच्यावर उलटवतात. शतकाहून अधिक काळानं आल्बियन वर चढला आणि २०२२च्या मोसमात पहिल्या श्रेणीत दोन्ही देकानोंसमोर खेळायला उतरला.